दवाखान्याची धास्ती आणि म्हातारं मांजर

१९९९ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी मांजरांच्या रक्तदाबावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मांजरांच्या शरीरात बसवलेलं छोटं यंत्र चोवीस तास रक्तदाबाची नोंद बिनतारी पाठवत होतं, त्यामुळे पट्टा बांधायला कुणी जवळ जाण्याची गरज नव्हती. मग याच मांजरांना दवाखान्यात तपासणीला नेल्यासारखा सगळा प्रकार घडवून आणला. रक्तदाब सरासरी १७-१८ अंकांनी चढला. पण सरासरीपेक्षा बोलका होता तो फरकाचा पल्ला. एखाद्या मांजराचा दाब ७५ अंकांनी उसळला होता, तर एखाद्याचा चक्क खाली आला होता. म्हणजे घाबरलेल्या मांजराच्या आकड्यातून ठरावीक रक्कम वजा केली की खरा आकडा मिळतो, असा सोपा हिशेबही उरला नाही.

साखरेचीही तीच गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की निरोगी मांजरावर काही मिनिटं पाण्याचा फवारा मारला तरी त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने वाढते आणि जितकी जास्त धडपड तितकी जास्त वाढ. दवाखान्यात चौघांनी धरून ठेवलेल्या, ओरडणाऱ्या मांजराच्या रक्तात जास्त साखर सापडली, तर त्याला मधुमेह असेलच असं नाही. म्हणूनच जाणते डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. मागच्या एक-दोन आठवड्यांतली साखरेची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिनची चाचणी ते करून घेतात.

हे आधी सांगायचं कारण, मांजराची भीती हा आपल्याकडे अजून स्वभावाचा भाग मानला जातो. ‘आमची मनी फार तापट आहे’, ‘बोका डॉक्टरांनाही हात लावू देत नाही’ असं थोड्या कौतुकाने, थोड्या संकोचाने सांगितलं जातं. पण ही भीती रक्तदाब बदलते, साखर बदलते, नाडी आणि श्वास बदलते, आणि कधीकधी खरा आजार झाकूनही टाकते. दुखरा सांधा दाबून पाहायचा तर मांजर आधी अंग सैल सोडायला हवं. भीती ही वैद्यकीय बाब आहे आणि तिच्यावर औषधाइतकंच नियोजनपूर्वक काम करता येतं. म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत तर ते करावंच लागतं, कारण त्याला दवाखान्याची गरज सर्वांत जास्त असते आणि तो प्रवास सोसण्याची ताकद सर्वांत कमी.

मांजर म्हातारं कधी म्हणायचं? जगभरातले मांजरतज्ज्ञ साधारण दहा वर्षांची रेघ ओढतात. नेहमीच्या तुलनेनुसार दहा वर्षांचं मांजर म्हणजे छप्पन वर्षांचा माणूस, पंधराचं म्हणजे शहात्तरीचा. दहाच्या पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे. मांजराच्या सहा महिन्यांत आपली दोनेक वर्षं निघून जातात, हे लक्षात घेतलं तर ती अवाजवी वाटत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांजर पाळणाऱ्यांपैकी ५८ टक्के लोकांनी सांगितलं, की आमच्या मांजराला दवाखान्यात जाणं मुळीच आवडत नाही. पुण्या-मुंबईत कुणी असं मोजायला गेलं तर आकडा कमी येईल असं वाटत नाही. माळ्यावरची बास्केट खाली आली, की तिच्या आवाजानेच मांजर पलंगाखाली. मग झाडूचा दांडा, ओढाताण, ओरखडे. रिक्षाचा धडधडाट, सिग्नलवरचे हॉर्न. दवाखान्यात बाकाखाली बास्केट ठेवायची आणि समोर नेमका साखळीला हिसके देणारा लॅब्रेडॉर. एकदा हे अनुभवलं की पुढच्या वेळी माणसंच कच खातात. ‘आता या वयात कशाला त्याचे हाल’ हे वाक्य मायेपोटीच येतं. पण त्याचा परिणाम असा होतो, की मांजर दवाखान्यात पोचतं ते थेट खाणं सोडल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृतच निकामी होऊ लागतं, विशेषतः जाड मांजरात. टाळलेली साधी तपासणी अशी संकटातल्या धावपळीत बदलते.

मांजर असं का वागतं, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. आपल्या घरातलं मांजर आफ्रिका-पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. तो एकटा शिकार करणारा प्राणी, आणि त्याची स्वतःचीही शिकार होऊ शकते. कळपातला प्राणी दुखलं-खुपलं तर सोबत्यांकडे पाहतो. एकट्या प्राण्याने दुखणं दाखवणं म्हणजे मरण ओढवून घेणं. त्याची सगळी सुरक्षितता ओळखीच्या जागेत आणि ओळखीच्या वासात असते. त्याला तिथून उचललं की पायाखालची जमीनच जाते. ‘मरायच्या वेळी मांजर घर सोडून जातं’ असं आपल्याकडे म्हणतात, त्यामागेही हेच असावं. आजारी मांजर आडोसा शोधतं, लपतं आणि तिथेच संपतं.

लपवण्यासारखं बरंच असतं. सर्वांत मोठा वाटा मूत्रपिंडाचा. वाळवंटी पूर्वजांकडून मांजराला कमी पाणी पिण्याची आणि लघवी घट्ट करण्याची सवय मिळाली, पण म्हातारपणी हेच मूत्रपिंड झिजतं. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. ‘एसडीएमए’ नावाची नवी चाचणी त्याआधी इशारा देते. म्हणून नुसतं क्रिएटिनिन करून ‘सगळं नॉर्मल’ म्हणणारा रिपोर्ट हातात आला, तर एसडीएमए आणि लघवीची घनता तपासली का, हे विचारायला संकोच करू नये.

मांजरांचंच मूत्रपिंड एवढं का बिघडतं, याचा एक धागा जपानमध्ये सापडला. तोक्यो विद्यापीठातले तोरु मियाझाकी यांनी रक्तातलं ‘एआयएम’ नावाचं प्रथिन शोधलं होतं. मूत्रपिंडात साचलेल्या मृत पेशींचा कचरा उचलायला ते मदत करतं. मांजरात हे प्रथिन असतं, पण दुसऱ्या एका मोठ्या रेणूला इतकं घट्ट चिकटलेलं, की गरजेच्या वेळी सुटून कामावर जात नाही, असं त्यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलं. २०२१ मध्ये पैशांअभावी हे काम अडल्याची बातमी आली आणि जपानभरच्या मांजरप्रेमींनी न मागता कोट्यवधी येन पाठवले. पुढच्याच वर्षी मियाझाकींनी विद्यापीठ सोडून स्वतःची संस्था काढली. या प्रथिनावर आधारलेलं औषध अजून आपल्या हाती नाही. हाती आहे तो आहार, आणि तो कमी लेखू नये. २००६ मधल्या एका अभ्यासात मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ४५ मांजरांवर दोन वर्षं नजर ठेवली. साधं खाणं खाणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना शरीरात विषारी द्रव्यं साठण्याचे झटके आले. कमी फॉस्फरसचं खास खाणं खाणाऱ्यांपैकी एकालाही नाही. खारवलेले सुके बोंबील आणि सुकट कितीही आवडत असले, तरी अशा मांजराच्या ताटलीतून ते जायला हवेत.

आपल्या शहरांत आणखी एक गोष्ट घडते. हौसेने घेतलेली पर्शियन मांजरं आता दहा-बारा वर्षांची होऊ लागली आहेत. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याचं जनुक २००४ मध्ये सापडलं आणि आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. सोनोग्राफीत तो लहानपणीही दिसू शकतो, पण पिल्लू घेताना कुणी सोनोग्राफी मागत नाही.

थायरॉइडचा आजार त्या मानाने फसवा. १९७९ पर्यंत तो मांजरांमध्ये नोंदलाच गेला नव्हता. न्यूयॉर्कच्या मार्क पीटरसन आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी त्याची पहिली नोंद केली. यात मांजर भरपूर खातं, घरभर हिंडतं, तरतरीत दिसतं आणि वाळत जातं. घरातले खूश असतात की म्हातारपणीही भूक चांगली आहे. रक्तदाबाचा आजार तर मुकाट असतो. कित्येकदा पहिली खूण म्हणजे मांजर एका सकाळी भिंतीला धडकतं, कारण दाबाने डोळ्याचा पडदा सुटलेला असतो.

आणि सांधे. २००२ मध्ये बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वद टक्क्यांमध्ये सांध्यांची झीज दिसली. लंगडणारी मात्र फार थोडी होती. मांजराला दोन्ही बाजूंनी सारखं दुखलं तर ते लंगडत नाही, फक्त करायचं सोडतं. ओट्यावर उडी मारायचं सोडतं, खिडकीत चढण्याआधी खुर्चीवर थांबा घेतं, पाठीवरचे केस विंचरायचं सोडतं, त्यामुळे कमरेजवळ जटा होतात. मातीच्या ट्रेची कड उंच वाटते म्हणून बाहेरच उरकतं आणि मार खातं. ‘म्हातारं झालंय, झोपून असतं’ या एका वाक्यात किती वेदना विनाउपचार राहतात, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

मग करायचं काय? पहिलं काम घरातच आहे, आणि ते कुणालाही जमण्यासारखं आहे. वजन. २०१६ मधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की मूत्रपिंडाच्या आजाराचं निदान होण्याच्या तीन वर्षं आधीपासून मांजरांचं वजन उतरू लागलं होतं आणि शेवटच्या एका वर्षात ते साधारण नऊ टक्क्यांनी घटलं. चार किलोच्या मांजरात ही घट साडेतीनशे ग्रॅमची, म्हणजे महिन्याला जेमतेम तीस ग्रॅम. रोज मांडीवर घेणाऱ्या हाताला ती कळत नाही. बाळाच्या वजनकाट्यावर ती दिसते. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, कॅलेंडरवर आकडा लिहायचा. एवढ्या साध्या नोंदीने कित्येक मांजरांचं निदान वर्षभर आधी होईल.

दुसरं, झोपेतला श्वास. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्या वर-खाली होताना पाहायचं. वर आणि खाली मिळून एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं. आकडा तिसाच्या आत असावा. तो सतत तिसापुढे राहिला तर हृदय किंवा फुप्फुसाकडे लक्ष द्यायला हवं, आणि तोंड उघडून धापा टाकत असेल तर थांबायचंच नाही. ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे आणि जास्त होत आहेत का, पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं का, याकडेही लक्ष हवं. बाहेर हिंडणाऱ्या, कौलांवर वावरणाऱ्या कोकणातल्या मांजरांच्या बाबतीत हे अवघड. तिथे वजनावरच भिस्त ठेवावी लागते.

चेहराही वाचता येतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाने २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार व्हावा. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक केलेले, डोकं खांद्याच्या रेषेखाली, हे चित्र एकदा नजरेत बसलं की विसरता येत नाही. आणि मोबाइल आहेच. जिना चढताना, उडी मारायला कचरताना, रात्री तीनला भिंतीकडे पाहून ओरडताना काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना टेबलावरच्या आखडलेल्या मांजरापेक्षा जास्त सांगतो.

तरीही रक्त, लघवी, रक्तदाब यांसाठी जावं लागतंच. ती तयारी आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी सुरू होते. बास्केट माळ्यावरून खाली काढून कायमची घरात ठेवायची, दार काढून, आत त्याची रोजची चादर घालून. पहिले काही दिवस मांजर वळसा घालून जाईल. मग खाऊचा दाणा दाराशी, मग आत, मग एके दुपारी ते आतच झोपलेलं दिसेल. त्यानंतर दार लावून क्षणभर थांबणं, उचलून दुसऱ्या खोलीत नेणं, जिन्यापर्यंत जाऊन परत येणं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये २२ मांजरांवर हे करून पाहिलं. सराव दिलेल्या मांजरांचा गाडीतला ताण कमी भरला आणि तपासणीही लवकर उरकली. बास्केट घेताना वरचा अर्धा भाग सुटा होणारी घ्यावी. मग डॉक्टर मांजराला बाहेर न ओढता, खालच्या अर्ध्या भागात चादरीसकटच तपासू शकतात.

औषधाचीही मदत घेता येते, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांचा २०१७ मधला अभ्यास सांगतो, की भेटीच्या दीड तास आधी दिलेल्या गॅबापेंटिनच्या एका मात्रेने मांजरांची भीती लक्षणीय उतरली. थोडं झिंगणं, डुलणं झालं आणि काही तासांत गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये प्रीगॅबालिनचं द्रावण खास मांजराच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी मंजूर केलं. युरोपात ते त्याआधीच मंजूर झालं होतं. आपल्याकडे गॅबापेंटिन माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळतं, आणि धोकाही तिथेच आहे. इथे ते बऱ्याचदा नॉर्ट्रिप्टिलीन किंवा मिथाइलकोबालमिन मिसळलेल्या गोळ्यांत विकलं जातं. मांजरासाठी मात्रा आणि नेमकी गोळी डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवी. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. शिवाय प्रत्यक्ष भेटीआधी एकदा घरीच देऊन पाहिलेली बरी.

वेळ ठरवताना फोनवरच सांगावं: मांजर आहे, घाबरतं, कुत्र्यांची गर्दी नसेल ती वेळ द्या. बास्केटवर टॉवेल, आणि ती जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा खुर्चीवर. खोलीत गेल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून, सुई टोचण्याआधी रक्तदाब. पहिला आकडा सोडून पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी. मानगुटीला धरून उचलणं आता जगभरच्या मार्गदर्शक सूचनांनी नको म्हटलं आहे. २०२२ च्या सूचनांत तर मांजर फारच घाबरलं असेल तर तपासणी थांबवून दुसऱ्या दिवशी करण्याला डॉक्टरांचं अपयश मानलेलं नाही. ब्रिटनमध्ये १९५८ पासून मांजरांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने आणि अमेरिकेतल्या मांजर-डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ पासून ‘मांजरस्नेही दवाखाना’ अशी मान्यता द्यायला सुरुवात केली: वेगळी बसायची जागा, वेगळा वॉर्ड, हाताळणीचं प्रशिक्षण.

मुंबईत पशुवैद्यकाचं शिक्षण जुनं आहे. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं, त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याआधीचं. पण तो काळ बैल-घोड्यांचा होता आणि मांजर त्या व्यवस्थेत फार उशिरा आलं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस अजूनही गायी-म्हशींतच जातो, आणि ते स्वाभाविक आहे. तिथे मांजराच्या माणसालाच थोडं जास्त शिकावं लागतं.

परत आल्यावरही एक गोष्ट सांभाळायची. घरात दुसरं मांजर असेल तर ते दवाखान्याच्या वासाने आलेल्या सोबत्याला ओळखत नाही आणि अंगावर धावून जातं. काही तास वेगळ्या खोलीत ठेवलं, घरच्या चादरीवर लोळू दिलं की बहुधा निभावतं.

निदान झाल्यावरचा मोठा भाग घरी करता येतो. मूत्रपिंडाच्या मांजराला कातडीखाली सलाइन देणं ऐकायला भयंकर वाटतं. पाहिलं तर असं असतं: बाटली कोमट पाण्यात ठेवून गरम केलेली, पडद्याच्या दांड्याला टांगलेली. मांजर नेहमीच्या गोधडीवर, समोर पातळ खाऊची वाटी. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई त्या पोकळीत सरकवायची आणि नळीचं चाक सोडायचं. दहा मिनिटांत पाठीवर मऊ उंचवटा तयार होतो. तो संध्याकाळपर्यंत एका पायाकडे ओघळतो आणि जिरतो. किती मिली आणि आठवड्यातून कितीदा, हे डॉक्टर ठरवतात. हृदय अधू असेल तर हेच सलाइन फुप्फुसात पाणी करतं, म्हणून अंदाजाने वाढवायचं नाही. थायरॉइडची गोळी गिळायला नकार असेल तर, जिथे बनवून मिळतं तिथे, तेच औषध कानाच्या आतल्या बाजूला मलम म्हणून हातमोजा घालून लावता येतं. साखर कानाच्या कडेच्या थेंबावर किंवा माणसांच्याच चिकटपट्टीवजा सेन्सरवर घरी मोजता येते, आणि तो आकडा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा खरा असतो. कोणतीही गोळी दिली की मागोमाग सिरिंजने थोडं पाणी द्यावं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. ताप किंवा दुखणं दिसलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ती पचवणारी रसायनं त्याच्या यकृतात जवळपास नसतातच. एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, तासांचा प्रश्न असतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषध आणि फुलदाणीतल्या लिलीचं पानसुद्धा तितकंच घातक. सणासुदीला, फटाके सुरू होण्याआधी, रक्तदाबाच्या वा हृदयाच्या मांजराला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, त्याच्या बास्केटसह बसवलेलं चांगलं. ज्याला ती बास्केट सरावाची झाली आहे, ते आपणहून तिच्यात जाऊन बसतं.

कुठे थांबायचं, हा प्रश्नही येतो. अठरा वर्षांच्या, मूत्रपिंडं जवळपास थांबलेल्या मांजराचं दर आठवड्याला रक्त काढून उपचार बदलणार नसतील, तर ते काढायचं कशाला, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क माणसाला आहे. अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली सात मुद्द्यांची पट्टी अशा वेळी कामाला येते: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं ठीक चाललं आहे. ही पट्टी घरातल्या दोघांनी वेगवेगळी भरावी. रोज सलाइन देणारा आणि संध्याकाळी घरी येणारा यांना एकच मांजर वेगळं दिसत असतं.

शेवटची वेळ आली तर ती दवाखान्याच्या टेबलावर यायलाच हवी असं नाही. घरी येणारे डॉक्टर आता मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत मिळतात. आधी गुंगीचं इंजेक्शन, मांजर गाढ झोपल्यावर मग दुसरं. अशी सोय कोण करतं, रात्री फोन उचलतात का, पुढच्या विधीची व्यवस्था काय, हे शांत दिवसांत विचारून ठेवावं. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची दहनभट्टी २०२३ पासून सुरू आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात चौकशी करावी लागते, आणि ती रडत्या डोळ्यांनी करण्यापेक्षा आधीच केलेली सोयीची पडते.